लोणच्याच्या पिंपावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली म्हणाल तर नाही, शाळेतली तर मुळीच नाही. मी कुस्तीच्या रिंगणाशेजारची घंटा. माझा एक ठोका पडला की दोन माणसं एकमेकांवर तुटून पडतात आणि पुन्हा ठोके पडले की तीच माणसं एकमेकांना हात देऊन उठवतात. एवढा अधिकार फार थोड्या पितळी वस्तूंच्या वाट्याला येतो. मला त्याचा गर्व नाही. असलाच तर थोडासा आहे, आणि पुढची हकिगत ऐकलीत की तेवढा तुम्ही मला माफ कराल.

माझा जन्म जपानमधल्या ताकाओकाचा. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ओतारी राहतात. हिरासे नावाच्या म्हाताऱ्या ओताऱ्याने मला ओतलं. त्याने आयुष्यभर घरातल्या देव्हाऱ्यांसाठी लहान लहान घंटा केल्या होत्या. ज्या दिवशी बांदो-सान माझी मागणी घेऊन आले, त्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाच्या प्रार्थनेसाठी?"

"प्रार्थनेसाठी नाही, मारामारीसाठी," बांदो-सान म्हणाले.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मग आवाज तोकडा करतो. भांडण संपलं की संपलं पाहिजे. रेंगाळता कामा नये."

पण हाताची सवय कुठे जाते? मी वाजले की ठणकन्‌ वाजते खरी, पण मागे एक बारीक, गोड शेपूट राहतंच. उदबत्तीचा धूर रेंगाळावा तसं. बांदो-साननी मला वाजवून पाहिलं, डोळे किलकिले केले आणि "हीच हवी," म्हणाले. त्यांनी ओताऱ्याला आभार म्हणून 'बुरी' नावाचा एक भला थोरला समुद्री मासा दिला. म्हातारा मला विसरला असेल, मासा विसरला नसेल.

हे बांदो-सान नागिहामा बंदरातले. आधी माकूळ धरणाऱ्या होडीवर स्वयंपाकी होते. अंगापिंडाने इतके लहान की स्वतः कुस्ती खेळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची कुस्ती मंडळी काढली आणि तिचे पंच झाले. मंडळीचं नाव 'हामाकाझे', म्हणजे किनाऱ्यावरचा वारा. मोठ्या शहरातल्या नामांकित मंडळ्यांसारखा आमचा थाट नव्हता. आमच्यात जो लढणार, तोच सकाळी येऊन रिंगण उभं करणार, दोर ताणणार, गाद्या अंथरणार. लढत झाली की तोच घामाघूम अंगाने टेबलामागे बसून स्वतःच्या नावाचे टॉवेल विकणार, आणि शेवटी तोच रिंगण उकलून गाडीत भरणार. मला एका जाड फळीवर बसवलं होतं. शेजारी खटक्याची हातोडी, तिला एक स्प्रिंग. खटका ओढला की ठोका.

तो खटका ज्याच्या हाती दिला, तो माणूस म्हणजे होरिए तोकुजी. सगळे त्याला तोकु-सान म्हणत. तो गावचा न्हावी. "ज्याच्या हातात वस्तरा थरथरत नाही, त्याच्या हातात घंटा थरथरणार नाही," असं बांदो-सानचं म्हणणं. खरंच होतं ते. लढतीच्या वेळी तोकु-सान टेबलाशी ताठ बसे, पुढ्यात घड्याळ आणि मी. दर पाच मिनिटांनी ध्वनिक्षेपकावर तो वेळ सांगे. "पाच मिनिटं झाली, पाच मिनिटं." एवढंच. जास्तीचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघायचा नाही. आणि लढतीच्या आदल्या दिवशी तो मला इतकं घासूनपुसून ठेवी की माझ्या पितळेत त्याचा चेहरा दिसे. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत ती फार महत्त्वाची आहे.

मित्रांनो, पंधरा वर्षं मी वाजले. मासळी बाजाराच्या छपराखाली वाजले, सार्वजनिक न्हाणीघराच्या अंगणात वाजले, एकदा तर एका गोदामात बटाट्याच्या पोत्यांमध्ये वाजले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या म्हणत, "या घंटेचा आवाज ऐकला की चार घास जास्त जातात." मला अजून काय हवं?

एकच गोष्ट मला आवडायची नाही. कुणी कुस्तीगीर निवृत्त झाला की त्याला रिंगणाच्या मधोमध उभं करतात, दिवे मंद करतात आणि मी दहा ठोके देते. दहावा ठोका विरला की तो माणूस पुन्हा लढायचा नसतो. असे दहा ठोके मी दोनदा दिले आहेत. तेव्हा माझं ते गोड शेपूट मलाच नकोसं वाटायचं.

आता चिगुसाबद्दल सांगते. इसोबे चिगुसा मंडळीत पहिल्या दिवसापासून होती. आठवडाभर ती कामाबोकोच्या कारखान्यात असे. कामाबोको म्हणजे माशाचा रगडा वाफवून केलेल्या वड्या. आमच्याकडे तो रगडा समुद्रशेवाळाच्या पानावर पसरून त्याची गुंडाळी करतात, आणि लग्नासाठी तर 'ताई' नावाच्या अख्ख्या लाल माशाच्या आकारात रंगवून काढतात. रविवारी हीच बाई माणसं उचलून आपटायची. ती सहा वर्षांची असल्यापासून तोकु-सान तिचे केस कापत आला होता. प्रत्येक लढतीच्या आदल्या दिवशी ती त्याच्या खुर्चीत बसणार, हे ठरलेलं. त्याला ती 'काका' म्हणे. तिचं नाव पुकारलं की कारखान्यातल्या बायका लाल कागदी फितींची भेंडोळी रिंगणात फेकत. शेकडो लाल शेपट्या हवेतून यायच्या. त्या बायका प्रत्येक भेंडोळ्यातली पुठ्ठ्याची नळी आदल्या दिवशी काढून टाकत आणि कागद पुन्हा मऊ हाताने गुंडाळत. का, तर फेकताना तिला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला मार खाताना बघायलाच त्या येणार होत्या, पण आपल्या हातून लागता कामा नये.

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ओसाकाहून आकानुमा आली. अंगाने बैलगाडीएवढी, तोंडाने तिखट, कमरेला विजेतीचा पट्टा. त्या पट्ट्यासाठी तिच्याशी लढायची संधी चिगुसाला मिळाली होती. पस्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच. मासळी बाजाराच्या छपराखाली माणूस मावत नव्हता. खुर्च्या लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यांवर मांडल्या होत्या. आमच्या लोकांना जोर चढला की ते टाळ्या वाजवत नाहीत, पाय आपटतात. त्या दिवशी फळ्या तुटतील की काय असं वाटत होतं.

तेविसाव्या मिनिटाला आकानुमाने चिगुसाला खांद्यावर घेतलं आणि पोत्यासारखी खाली टाकली. मग तिच्यावर आडवी पडली. पंचाचा हात तीनदा गादीवर पडेपर्यंत खांदे टेकलेलेच राहिले, की हार. बांदो-साननी गादीवर हात मारला. एक. पुन्हा मारला. दोन. चिगुसाचा खांदा उठला. बांदो-सानचा हात हवेतच थांबला.

आणि मी वाजले.

लोकांचे पाय फळ्यांवरच थांबले. आकानुमालासुद्धा क्षणभर कळलं नाही. बांदो-सान टेबलाकडे वळून ओरडले, "अरे दोन होते, दोन!" पण घंटा वाजली होती. आमच्यात घंटा वाजली की लढत संपते. वाजलेली घंटा कुणी परत घेऊ शकत नाही. चिगुसा गुडघ्यांवर उठली, चारही बाजूंना वाकून नमस्कार केला आणि खाली उतरली.

"तोकु-सान, काय झालं हो?" बांदो-साननी विचारलं.

तोकु-सानचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. तो म्हणाला, "स्प्रिंग सुटली. घंटा आपोआप वाजली."

मित्रांनो, माझी स्प्रिंग सुटली नव्हती. खरं काय झालं ते त्या छपराखाली दोघांनाच माहीत होतं, तोकु-सानला आणि मला. सगळ्यांचं लक्ष रिंगणात होतं, पण त्याचा चेहरा माझ्या पितळेत होता. त्याने डोळे मिटले होते. घट्ट. आकानुमा चिगुसावर पडली तेव्हा त्याला ते बघवलं नाही. तो पंचाचा हात कानांनी मोजत होता. धप्‌, एक. धप्‌, दोन. आणि तिसरा धप्‌ लोकांच्या पायांचा होता.

त्याने खटका ओढला, आणि आळ माझ्यावर आला.

बांदो-सान म्हणाले, "बघा बुवा दुरुस्त होते का." तोकु-सान मला घरी घेऊन गेला. काय दुरुस्त करणार? महिनाभर मी त्याच्या दुकानात टॉवेलांच्या फडताळात पडून होते, अंगावर टॉवेल टाकलेला. तो मला पुसायचा नाही. पुसलं असतं तर माझ्यात त्याला कुणाचा चेहरा दिसला असता, सांगा पाहू.

मग हिवाळा आला आणि त्याच्या बायकोला, फुमिएला, लोणच्यासाठी वजन हवं झालं. आमच्याकडे थंडीत सलगमच्या जाड चकत्यांमध्ये बुरी माशाचे काप भरतात, आंबवलेल्या भाताचे थर देऊन पिंपात रचतात आणि वर वजन ठेवून मुरवतात. फुमिएने मला उचलून पाहिलं, समाधानाने मान हलवली, फळीसकट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं आणि पिंपाच्या झाकणावर बसवलं.

अकरा हिवाळे, मित्रांनो. जिच्या एका ठोक्याने हजार माणसं श्वास रोखत, ती मी सलगमवर बसले होते. लोणचं मात्र फार छान होत असे. जे आहे ते सांगायला हवं.

तिकडे रिंगणात माझ्या जागी एक बटण आलं. ते दाबलं की भोंग्यातून 'टिंग' असा आवाज येई. लोकांना तो कधीच आवडला नाही. लढत रंगात आली आणि टिंग झालं की मागून कुणीतरी ओरडे, "भात शिजला वाटतं!" हे मला फुमिएच्या तोंडून कळत असे. ती पिंपाशी काम करताना सगळी बातमी मोठ्याने बोलते, ऐकायला कुणी असो वा नसो.

तिच्याच तोंडून मला या वर्षी कळलं की चिगुसा निवृत्त होणार. वय सेहेचाळीस, गुडघा कुरकुरतो, कारखान्यात आता तिच्या हाताखाली बारा माणसं आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिची अखेरची लढत, मग दहा ठोके. आणि समोर कोण, तर आकानुमा. म्हातारी आकानुमा गेल्या शरदात तोच पट्टा पुन्हा जिंकून बसली होती, आणि तो घेऊन ती आपण होऊन येणार होती.

शनिवारी सकाळी चिगुसा केस कापायला आली. गल्लीत अजून बर्फाचे ढीग होते. उजवी बाजू कापून झाली होती तेवढ्यात फुमिए आतून ओरडली, "चिगुसा, शेवटचं पिंप उघडतेय. डबा आणलायस का?"

"आणलाय की काकू. दोन आणलेत."

"आणि लाज?"

"ती घरी राहिली."

"मग ऊठ आणि हे वजन काढून दे. माझ्या कमरेत आता दम नाही. तुला काय, माणसं उचलायची सवय."

गळ्याला न्हाव्याचं फडकं तसंच ठेवून चिगुसा आत आली आणि तिने मला उचललं. वरची पिशवी जुनी होऊन ठिसूळ झाली होती, ती टरकन्‌ फाटली. चिगुसाने खाली पाहिलं. हिरवट झालेली का होईना, मी होते.

"ही तर आपली घंटा," ती म्हणाली.

बाहेर तोकु-सान रिकामीच कात्री वाजवत होता, तो आवाज थांबला.

"घंटा असेल," फुमिए म्हणाली. "मला वजनाशी काम. अकरा वर्षांत एक चकती वर आली नाही."

चिगुसाने मला दुकानात नेऊन आरशापुढे ठेवलं. कारखान्यातली गुंडाळी करणारी यंत्रं बिघडली की तीच उघडून दुरुस्त करते. तिने माझी स्प्रिंग बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग खटका ओढला. अकरा वर्षांनी मी वाजले. शेपटासकट.

"स्प्रिंग ठणठणीत आहे," ती म्हणाली. "काका, तुम्ही बदललीत का?"

त्या एका क्षणी तोकु-सान नुसतं 'हो' म्हणाला असता तरी चालून गेलं असतं. मी श्वास रोखून धरला. घंटेला श्वास नसतो, तरीही.

"नाही," तो म्हणाला. "ती कधी बिघडलीच नव्हती. मी डोळे मिटले होते."

"का?"

"बघवेना." त्याने कात्री खाली ठेवली. "तू सहा वर्षांची होतीस, माझ्या हातून तुझ्या कानाला कात्री लागली होती. तू रडली नव्हतीस. त्या दिवशी खाली पडलीस तेव्हा तुझा चेहरा तसाच होता. मी कानांनी मोजलं. तिसरा धप्‌ लोकांच्या पायांचा होता."

चिगुसाने माझी स्प्रिंग पुन्हा एकदा दाबून सोडली. मग म्हणाली, "मला काय वाटत होतं, माहितेय का काका? मला वाटलं, माझा खांदा उठलाच नव्हता. मी हरले होते, आणि माझी लाज राखायला बांदो-सान 'दोन' म्हणून ओरडले, तुम्ही ते घंटेवर ढकललंत. अकरा वर्षं मी तुमचे उपकार मानतेय."

तोकु-सानने मान खाली घातली. फुमिए दारात चमचा धरून उभी होती आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होती.

चिगुसा उठली. गळ्यातलं फडकं काढून नीट घडी घातली. उजवीकडचे केस आखूड, डावीकडचे खांद्यापर्यंत.

"अगं, अर्धे राहिलेत," तोकु-सान म्हणाला.

"राहू देत. उद्या तुम्ही बसायचं. बटण नाही, हीच घंटा घेऊन. आणि डोळे उघडे ठेवायचे. माझे दात पडले तरी उघडे." ती दारापर्यंत गेली, परत आली, लोणच्याचे दोन्ही डबे उचलले आणि निघून गेली.

"आता माझ्या लोणच्यावर काय ठेवू?" फुमिए म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "मला तरी सांगायचं होतंत."

"तू गावभर केलं असतंस."

"केलंच असतं. दहा वर्षांपूर्वी सुटला असतात."

त्या दुपारी तोकु-सानने दुकान बंद ठेवलं आणि मीठ-व्हिनेगर घेऊन मला घासायला बसला. माझ्यात त्याचा चेहरा दिसेपर्यंत घासत राहिला. सलगमचा वास मात्र गेला नाही. तो माझ्या अंगात मुरला आहे.

रविवारी दुपारी मासळी बाजाराच्या छपराखाली पुन्हा तीच गर्दी, तेच लाकडी चौथरे. बांदो-सान आता सत्तरीला आले होते. त्यांनी मला टेबलावर पाहिलं आणि विचारलं, "झाली दुरुस्त?"

"सांगतो," तोकु-सान म्हणाला, आणि त्याने ध्वनिक्षेपक उचलला. लोकांना वाटलं, वेळ सांगणार.

"अकरा वर्षांपूर्वी या घंटेची काही चूक नव्हती," तो म्हणाला. "मी डोळे मिटले होते. मग खोटं बोललो. चिगुसाचा खांदा उठला होता." आणि तो इतका खाली वाकला की त्याचं कपाळ टेबलाला लागलं.

मग मागच्या रांगेतून एका कोळिणीचा आवाज आला, "तोकु-सान, मीसुद्धा मिटले होते!"

"मीही!" दुसरीकडून कुणीतरी.

"तो तिसरा धप्‌ माझ्या बुटाचा असणार," एक आडदांड माणूस उभा राहून म्हणाला. "माफी असावी!"

असं हसू फुटलं म्हणता! त्या हशात चिगुसाचं नाव पुकारलं गेलं आणि लाल फिती अशा आल्या की रिंगण दिसेना. फिती बाजूला करत ती उभी राहिली, तेच अर्धं डोकं घेऊन.

आकानुमा दोरावर रेलून बघत होती. "अगं, उरलेले केस घरी ठेवून आलीस का?"

"तुझ्यासाठी अर्धं डोकं पुरे आहे."

"आणि तो न्हावी म्हणतो ते खरं असेल, तर अकरा वर्षं मी फुकटच मिरवले म्हणायचं." आकानुमाने पट्टा काढून बांदो-सानच्या हातात दिला. "चल तर. आज खरं काय ते होऊन जाऊ दे."

मी वाजले, आणि त्या दोघी भिडल्या.

मित्रांनो, मी पुष्कळ लढती पाहिल्या. इतकी चांगली लढत पाहिली नाही. आकानुमाचा तळहात चिगुसाच्या छातीवर पडला की शेवटच्या रांगेतला माणूस स्वतःची छाती चोळायचा. चिगुसा वरच्या दोरावरून झेपावली तेव्हा तिचा गुडघा कुरकुरला ते मला इथवर ऐकू आलं. दोघी पडत होत्या, दोर धरून उठत होत्या, आणि मधेच एकमेकींना शिव्या देऊन हसत होत्या. "दहा मिनिटं झाली, दहा मिनिटं." "वीस मिनिटं झाली, वीस मिनिटं." तोकु-सानचा आवाज चिरकत होता, पण माझ्यात मला त्याचे डोळे दिसत होते. उघडे होते. पाणी वाहत होतं, तरी उघडे होते.

पंचविसाव्या मिनिटाला आकानुमाने तिला खांद्यावर घेतलं. तोच डाव. तशीच पोत्यासारखी टाकली आणि आडवी झाली. बांदो-सानचा हात पडला. एक. पडला. दोन. आणि शेकडो पाय एकदम फळ्यांवर आपटले. धप्‌!

खटक्यावरची बोटं थरथरली. मी वाट पाहत होते.

बांदो-सानचा हात गादीपासून कागदाएवढ्या अंतरावर थांबला होता. चिगुसाचा खांदा वर होता. आणि मग एक गंमत झाली. सगळं छप्पर रिंगणाकडे नाही, टेबलाकडे वळून बघू लागलं. तोकु-सानने दोन्ही हात डोक्यावर उचलले. बघा, काही केलं नाही! त्या वेळी जो गलका झाला, तसा कुणा विजेत्यासाठीही कधी झाला नसेल. चिगुसा गादीवर पडल्या पडल्या हसली. आकानुमा वैतागून ओरडली, "ओ, लढत इकडे चाललीय!"

तीस मिनिटांची लढत. एकोणतीस झाली. आकानुमाने पुन्हा तिला उचलायला हात घातला, पण दम उरला नव्हता, तिचीही पन्नाशी जवळ आलेली. चिगुसा निसटून खाली आली, तिने आकानुमाची मान आणि पाय एकत्र कवेत घेतले आणि आपल्या कारखान्यात रोज शेवाळाच्या पानावर रगडा गुंडाळतात तशी ती अख्खी बाई गुंडाळून टाकली.

एक. दोन.

खरं सांगू? तोकु-सानला मला वाजवायची इतकी घाई झाली होती, की या वेळी भीती उलटी होती, आनंदाच्या भरात तो आधीच वाजवेल याची. खटका अर्धा ओढला गेला होता. पण त्याने हाताकडे पाहिलं, बांदो-सानच्या हाताकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तो हात गादीला टेकलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

तीन!

मी वाजले. वाजत राहिले. तोकु-सानला थांबताच येईना. शेवटी बांदो-सान दोरातून वाकून म्हणाले, "अहो, कळलं, कळलं!"

लोक रडत होते, हसत होते. कारखान्यातल्या बायकांनी उरलेली भेंडोळी रिंगणात फेकून दिली. मग एकेक दिवा मंद झाला. चिगुसा मधोमध उभी राहिली, हातात फुलं, खांद्यावर पट्टा. आता माझे दहा ठोके. तोकु-सानने खटक्यावर हात ठेवला.

"थांबा!" आकानुमा ध्वनिक्षेपक हिसकावून म्हणाली. "पट्टा खांद्यावर आणि दहा ठोके? म्हणजे माझा पट्टा घेऊन ही पळणार? बांदो-सान, नियम काय आहे?"

बांदो-साननी डोकं खाजवलं. "नियम असा आहे की पट्टा असेपर्यंत निवृत्ती नाही. पट्टा परत केला तर होता येतं."

"हा नियम लिहिला कुणी?" चिगुसाने विचारलं.

"मीच."

"परत करायचा का मग?" तिने लोकांना विचारलं. जे उत्तर आलं त्याने छपरावरचा बर्फ घसरून खाली पडला.

"गुडघ्याला विचारते," म्हणून तिने वाकून गुडघ्याला कान लावला. सगळे थांबले. ती उठली आणि आकानुमाला म्हणाली, "तो म्हणतो, ऑगस्टपर्यंत चालेल. ओसाकाला येते मी. जेवायला काय घालशील?"

"माती," आकानुमा म्हणाली, आणि तिने चिगुसाला घट्ट मिठी मारली.

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी असते. तरी तोकु-सानने दुकानाचं दार अर्धं उघडलं आणि चिगुसाच्या डोक्याची डावी बाजू कापून दिली. पट्टा तिच्या कमरेला सैल होत होता. चामड्याला नवं भोक त्यानेच पाडलं. हात जराही थरथरला नाही. फुमिएने किनाऱ्यावरून एक गोल दगड आणला आहे, पुढच्या हिवाळ्यासाठी. "दगड बरा," ती म्हणते. "त्याला न्यायला कुणी येत नाही."

मी आता आरशाशेजारच्या फळीवर असते. केस कापायला येणारा प्रत्येक जण मला एकदा टिचकी मारून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही आमच्यासारखी कुणीतरी असतील. घड्याळ, सायकल, शिवणयंत्र. त्यांना अधूनमधून पुसा, स्क्रू ढिला झाला असेल तर आवळा. आणि तुमचा हात चुकला तर खुशाल चुकू द्या, पण ती चूक आमच्या अंगावर टाकू नका. आम्ही सोसतो. पण खोटं जो बोलला तो आणि ज्याच्याशी बोलला तो, दोघंही त्या वजनाखाली मुरत बसतात, आणि त्यांचं लोणचं काही चांगलं होत नाही.

चिगुसाचे ते दहा ठोके अजून माझ्यापाशीच आहेत, मी नीट सांभाळून ठेवलेत. कधीतरी द्यावे लागतील, हे मलाही कळतं. पण खटका तोकु-सानच्या हाती आहे, त्याचे डोळे उघडे आहेत, आणि आम्हा दोघांनाही मुळीच घाई नाही.